घरपोच मद्य : परवाना कोणाचा, जबाबदारी कोणाची?

टाळेबंदीचे चाळीस दिवस उलटल्यानंतर, ४ मे २०२० रोजी, महाराष्ट्रातील दारूची दुकाने उघडली आणि मुंबई, पुणे, नाशिक अशा शहरांतून दुकानांपुढे एवढ्या रांगा लागल्या, की मुंबई महापालिकेला दोनच दिवसांत ती पुन्हा बंद करावी लागली. ८ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक याचिका निकालात काढताना, गर्दी टाळण्यासाठी राज्यांनी घरपोच पुरवठ्यासारख्या मार्गांचा विचार करावा, असे सुचविले. त्याच दिवशी मद्रास उच्च न्यायालयाने तमिळनाडूतील सरकारी दुकाने बंद करून केवळ ऑनलाइन विक्रीस मुभा ठेवली; आठवड्याभरातच त्या आदेशास सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली. महाराष्ट्र सरकारनेही याच सुमारास आदेश काढला आणि १५ मेपासून राज्यात मद्य घरपोच मिळू लागले. झारखंड, ओडिशा व पश्चिम बंगाल या राज्यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकून, खाद्यपदार्थ घरी पोहोचविणाऱ्या कंपन्यांनाच हे काम करू दिले.

साथ ओसरली, मागणी मात्र ओसरली नाही. जी सोय संकटात चालली ती एरवी का चालू नये, हा प्रश्न मद्यउद्योग आणि घरपोच सेवा देणाऱ्या कंपन्या अधूनमधून विचारीत असतात. त्यावरील चर्चा बहुधा दोनच वाटांनी जाते. एक वाट नीतीची, दुसरी तिजोरीची. या दोहोंच्या मध्ये एक रुक्ष, कारकुनी वाटावा असा प्रश्न पडून राहतो. असा व्यवसाय करावयाचा तर परवाना कोणी, कशासाठी आणि कोणत्या अटींवर घ्यावयाचा? वस्तुतः बाकीच्या साऱ्या वादाचा निकाल याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

पिणाऱ्यालाही परवाना

महाराष्ट्रातील दारूचा व्यापार आजही १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाखाली चालतो. बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या काळात झालेला हा कायदा. पुढे त्याच्या नावातील 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आले, तथापि सांगाडा तोच राहिला. त्याची रीत इतर व्यापारी कायद्यांच्या अगदी उलट आहे. किराणा दुकानदाराला जे मना नाही ते सारे करता येते. दारूच्या बाबतीत सारेच मना आहे : तयार करणे, बाटलीत भरणे, बाळगणे, वाहून नेणे, विकणे, विकत घेणे आणि पिणेसुद्धा. जे करावयाचे ते सरकारच्या लेखी अनुमतीने. म्हणून घाऊक व्यापाऱ्याला एफएल-१, किरकोळ विक्रीच्या दुकानाला एफएल-२, बसून पिण्याच्या जागेला एफएल-३, देशी दारूच्या दुकानाला सीएल-३ अशी अनुज्ञप्त्यांची उतरंड आहे. आणि तिच्या तळाशी स्वतः पिणारा आहे. त्यालाही परवाना लागतो. वर्षाचा घेतला तर शंभर रुपये, आयुष्यभराचा घेतला तर हजार रुपये आणि एका दिवसापुरता घेतला तर विदेशी मद्याला पाच रुपये, देशीला दोन. बिअर व वाइन यांसाठी एकवीस वर्षे पूर्ण हवीत, इतर मद्यासाठी पंचवीस.

महाराष्ट्रातील कोणत्याही रस्त्यावर 'परमिट रूम' अशी पाटी दिसते. परमिट असलेल्यांनी बसण्याची जागा, असा तिचा मूळ अर्थ. आत बसलेल्यांपैकी कोणाच्या खिशात परमिट आहे हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. पाटी राहिली, अर्थ गेला. एका दिवसाच्या परवान्यांची पुस्तके दुकानदार एकगठ्ठा आणून ठेवतात, हेही सर्वश्रुत आहे.

असे असूनही परवाना घेण्यास फार सायास पडत नाहीत, तेव्हा ही सारी व्यवस्था केवळ ढोंग आहे, असे म्हणून मोकळे होणे योग्य ठरणार नाही. बाटली ज्या ज्या हातातून जाईल त्या प्रत्येक हाताला नाव असले पाहिजे, असे त्या व्यवस्थेमागील तत्त्व आहे, आणि ते तत्त्व चुकीचे नाही. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईतील मालवणीत विषारी दारूने शंभरांहून अधिक माणसे गेली. ती माणसे पीत होती त्या दारूला कोणताही परवाना नव्हता आणि ती ज्या हातांतून आली त्यांची नावे सरकारच्या कोणत्याही नोंदवहीत नव्हती.

न्यायालयांनीही सरकारचा हा अधिकार मान्य केलेला आहे. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातील काही कलमे रद्द केली, पण त्याचा गाभा उचलून धरला. पुढे १९९४ च्या खोडे डिस्टिलरीज प्रकरणात, मद्याचा व्यापार करण्याचा मूलभूत हक्क कोणालाही नाही, सरकार तो संपूर्ण बंद करू शकते किंवा स्वतःकडेही घेऊ शकते, असे घटनापीठाने सांगितले. घटनेच्या सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीत आठव्या क्रमांकाची नोंद मादक पेयांची आहे आणि एक्कावन्नाव्या क्रमांकाची त्यांवरील अबकारीची. तेव्हा घरपोच मद्याला कोणती अट घालावी याबाबत राज्याचे हात बांधलेले नाहीत. अट घातली नाही, तर ती घालावयाची नव्हती, एवढाच त्याचा अर्थ होईल.

गल्ला कोठे आहे?

या कायद्यातील विक्रीची अनुज्ञप्ती माणसाला मिळते, पण ती बांधलेली असते जागेला. अमुक गावातील अमुक घरक्रमांकाच्या अमुक गाळ्यातून, ठरलेल्या वेळेत, गल्ल्यावरून विक्री. जागा बदलावयाची तर पुन्हा अर्ज. शाळा, देवळे यांच्यापासून किती अंतर हवे, हे ठरलेले. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरांच्या आत दारूचे दुकान नको, असा निर्णय दिला आणि पुढे लहान गावांपुरते ते अंतर दोनशे वीस मीटर केले, तेव्हा फीत घेऊन मोजणी करणारे कर्मचारी महाराष्ट्राने पाहिलेच आहेत. सारे नियमन मीटरांत चालते. दुकान दूर असले म्हणजे जाण्याचे कष्ट वाढतात आणि कष्ट वाढले म्हणजे मागणी काही अंशी घटते, हा त्यामागील साधा अर्थशास्त्रीय विचार होय. अंतर ही सुद्धा एक किंमत असते.

याच विचाराने महाराष्ट्रात १९७० च्या दशकापासून वाइन शॉपची नवी अनुज्ञप्ती देणे जवळपास थांबविण्यात आले. दुकानांची संख्या गोठविली की मद्यपानाला आळा बसेल, ही अपेक्षा. झाले एवढेच, की असलेल्या अनुज्ञप्त्यांना दुर्मिळतेचे मोल आले. भागीदार घेण्याच्या निमित्ताने त्या मोठ्या रकमांना हात बदलू लागल्या. अॅन क्रुगर या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९७४ मध्ये भारत व तुर्कस्तान यांची उदाहरणे घेऊन परवान्यांतून उपजणाऱ्या या आयत्या खंडाचे विवेचन केले होते. गंमत अशी, की 'परमिट-लायसन राज' या शब्दांनी सरकारी नियंत्रणांवर कोरडे ओढणारे राजगोपालाचारी हेच १९३७ मध्ये सालेम जिल्ह्यात दारूबंदी आणणारे मुख्यमंत्री होते. दारूबंदीने बुडालेला महसूल भरून काढण्यासाठी दोन वर्षांनी त्यांनी मद्रास प्रांतात विक्रीकर आणला.

आता या मोजपट्टीच्या व्यवस्थेत घरपोच पुरवठा बसवून पाहावा. ग्राहक कोथरूडमध्ये आपल्या खोलीत बसून फोनवर मागणी नोंदवितो, पैसे बँकेतून जातात, मागणी जुळवून देणारी कंपनी बंगळुरूची असते, बाटली शिवाजीनगरच्या दुकानातून निघते आणि दारात हाती पडते. विक्री नेमकी कोठे झाली? १९३० च्या मालविक्री कायद्याचा अभ्यासक सांगेल, की मालकी केव्हा हस्तांतरित व्हावी असा उभयपक्षी हेतू होता ते पाहा. अबकारी कायद्याला एवढा सूक्ष्म विचार परवडत नाही. त्याला एक जागा आणि एक माणूस लागतो.

२०२० च्या आदेशाने हा पेच सोडविला नाही, बाजूला ठेवला. विक्री दुकानातच झाली असे मानून सारी जबाबदारी दुकानदाराच्या मूळ अनुज्ञप्तीवर टाकली. परवानाधारकालाच आणि त्याच्या घरच्या पत्त्यावरच माल द्यावयाचा, छापील किमतीहून अधिक आकारावयाचे नाही, एका दुकानाने दहांहून अधिक माणसे या कामावर ठेवावयाची नाहीत आणि एका माणसाने एका वेळी चोवीसहून अधिक बाटल्या न्यावयाच्या नाहीत, अशा अटी होत्या. साथीच्या धामधुमीत एवढा विचार झाला हेही काही कमी नव्हे. मात्र ही सोय विदेशी मद्य, बिअर आणि वाइन यांपुरतीच होती. देशी पिणारा रांगेतच राहिला.

दिल्लीचा अनुभव याहून बोलका आहे. तेथे घरपोच पुरवठ्यासाठी एल-१३ नावाची स्वतंत्र अनुज्ञप्ती २०१० च्या नियमांतच होती, पण मागणी केवळ ई-मेल किंवा फॅक्सने घ्यावयाची होती. फॅक्स पाठवून बाटली मागविणारा ग्राहक कोणाच्या ऐकिवात नाही. २०२१ मध्ये नियम बदलून मोबाइल अॅप व संकेतस्थळ यांना मान्यता दिली गेली. वसतिगृहे, कार्यालये व संस्था येथे माल पोहोचवू नये ही अट कायम राहिली. पुढच्याच वर्षी दिल्लीचे नवे अबकारी धोरण मागे घ्यावे लागले आणि ही योजना कागदावरच राहिली. तरीही एल-१३ मागील कल्पना नोंदण्यासारखी आहे : घरपोच विक्री हा दुकानाचा विस्तार नसून निराळा धंदा आहे आणि त्याला निराळी अनुज्ञप्ती हवी.

आडव्या बाटलीचे काय?

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे आणि तो सर्वांत मोलाचा आहे. २००८ च्या शासन आदेशानुसार गावातील किंवा प्रभागातील पंचवीस टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली, तर दारूच्या दुकानाबाबत गुप्त मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, तर यादीतील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तरच दुकान बंद होते. आमदार-खासदार निवडून येण्यासाठी एवढी कठोर अट नाही. रोजगार बुडवून, नवऱ्याचा आणि दुकानदाराचा रोष पत्करून, म्हाताऱ्या बायांना हाताला धरून केंद्रावर आणून गावोगावच्या स्त्रियांनी ही अट पुरी केलेली आहे. राज्याच्या अबकारी व्यवस्थेत सामान्य माणसाला मत विचारले जाते असे हे जवळपास एकच ठिकाण.

हे मत दुकानाविरुद्ध असते. शेजारच्या गावातील दुकान त्यात येत नाही. आज बाटली आणावयास त्या गावी जावे लागते. पायपीट, एसटीचे भाडे किंवा पेट्रोल हा त्या मताने घातलेला कर आहे. उद्या शेजारच्या गावातील दुकानदाराने मोटारसायकलवरून बाटली घरी पाठविली, तर मतदान कायद्याने शाबूत राहील आणि व्यवहारात पुसले जाईल. गावातील एकही दुकान उघडलेले नसेल, एकाही अटीचा भंग झालेला नसेल, आणि ज्या घरातील बाईने आडव्या बाटलीवर शिक्का मारला त्याच घराच्या दारात बाटली येऊन उभी राहील.

जिल्ह्यांच्या बाबतीतही तेच. वर्धा आणि गडचिरोली येथे दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. जिल्ह्याच्या हद्दीवर नाकी उभारता येतात. गावाच्या हद्दीवर कोण उभा राहणार?

शहरातील मध्यमवर्गाला हे दूरचे वाटत असेल, तर जवळचे उदाहरण घ्यावे. मार्च २०२५ मध्ये उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत जाहीर केले, की गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात बिअर शॉपी किंवा दारूचे नवे दुकान काढावयाचे, तर त्या सोसायटीचे ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. तळमजल्यावरील गाळ्यासाठी सर्वसाधारण सभेची संमती, आणि सातव्या मजल्यावर बाटली घेऊन जाणाऱ्यासाठी पहारेकऱ्याच्या वहीतील एक सही! दोन्ही व्यवहारांत बाटली त्याच इमारतीत येते.

याला उपाय नाही असे नाही. विक्रीची जागा म्हणजे जेथे माल हाती दिला ती जागा, एवढे एक वाक्य नियमात घातले तरी पुष्कळसा गुंता सुटेल. मग ज्या गावाने दुकान नाकारले त्या गावाच्या हद्दीत माल देणे ही विनापरवाना विक्री ठरेल. कंपन्यांना हे जमणार नाही, असा युक्तिवाद कोणी करू नये. कोणत्या गल्लीपर्यंत जेवण पोहोचते आणि कोणत्या गल्लीत पोहोचत नाही, हे त्यांच्या यंत्रांना घराघरापर्यंत ठाऊक असते. आडव्या बाटलीच्या गावांची यादी त्यात भरणे हे एका दुपारचे काम आहे.

दारात उभा असलेला

घरपोच पुरवठ्याच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे. पिऊन गाडी चालविण्याचा एक प्रसंग टळतो. प्रत्येक बाटलीची नोंद राहते. कोणी, केव्हा, किती घेतली, हे गल्ल्यावरील रोखीच्या व्यवहारात कधीच कळत नव्हते. दुकानापुढील टोळक्यांचा त्रास कमी होतो. सीलबंद माल अधिकृत दुकानातून आल्याने बनावट दारूचा धोका घटतो. हे सारे खरे आहे. परंतु पिणाऱ्याचे वय आणि परवाना दारात खरोखर तपासला गेला, तरच खरे आहे.

ही तपासणी करणार कोण? दुकानात गल्ल्यामागे अनुज्ञप्तीधारक किंवा त्याचा नोकरनामाधारक उभा असतो. चूक झाली तर अनुज्ञप्ती जाईल, ही धास्ती त्याला असते. ती पुरेशी नाही हा भाग वेगळा. दारात उभा असतो वीस-बावीस वर्षांचा तरुण. पंचविशीच्या आतील असेल, तर जी बाटली तो पोहोचवितो ती कायद्याने त्याला स्वतःला विकत घेता येत नाही. त्याला मोबदला मिळतो तो पोहोचलेल्या मालाचा. दार उघडणारा मुलगा एकोणीस वर्षांचा दिसला आणि त्याने बाटली परत नेली, तर फेरी वाया जाते, पेट्रोल खिशातून जाते आणि ग्राहकाची तक्रार त्याच्या नावावर चढते. बाटली देऊन टाकली तर पैसे मिळतात आणि कोणाला काही कळत नाही. कायद्याने ज्याला पहारेकरी नेमले त्याला पहारा न करण्याबद्दल वेतन मिळावे, अशी ही रचना आहे. या तरुणाच्या प्रामाणिकपणावर संशय घेण्याचे कारण नाही. कोणाचाही प्रामाणिकपणा रोज चाळीस वेळा खिशाला चाट लावून पाहू नये, एवढेच.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांची व्याख्या प्रथमच आली, पण त्या संहितेचा विषय त्यांचे कल्याण हा आहे. बाटली नाकारण्याचा त्यांचा अधिकार तेथे शोधून सापडणार नाही. तो अबकारी अनुज्ञप्तीतच यावा लागेल. नाकारलेल्या फेरीचा पूर्ण मोबदला द्यावयाचा, तिची नोंद ठेवावयाची आणि नाकारल्याबद्दल कामगाराला दंड करावयाचा नाही, ही अट परवाना शुल्काच्या आकड्याहून अधिक महत्त्वाची आहे. वर्षभरात एकही बाटली परत आली नाही असा हिशेब एखाद्या कंपनीने दिला, तर निरीक्षकाने प्रथम तिच्याच दारात जावे.

आणि ही अट कंपनीवरच हवी. आपण केवळ मागणी आणि पुरवठा जुळवून देणारे, विकणारा दुकानदार, नेणारा स्वतंत्र कामगार, असा या कंपन्यांचा नेहमीचा पवित्रा असतो. वस्तुतः कोणाच्या पडद्यावर कोणते दुकान वर दिसावे हे कंपनी ठरविते. छापील किमतीची मर्यादा पाळावयाची म्हटले, की पोहोचविण्याचा खर्च दुकानदाराच्या नफ्यातून निघतो, आणि जो अधिक वाटा सोडील त्याचे दुकान वर येते. मद्याच्या जाहिरातीस १९४९ च्या कायद्यात मज्जाव आहे. किमतीसह, चित्रांसह, सवलतींसह रात्री दहा वाजता फोनवर झळकणारी यादी ही यादी की जाहिरात, हेही ठरवावे लागेल. एवढी सत्ता ज्याच्या हाती, त्याला उतरंडीत स्थान नसावे आणि पाच रुपयांचा परवाना घेणाऱ्याला मात्र असावे, हे तर्काला धरून नाही.

तिजोरीचे गणित

अडचण अशी, की सरकार या व्यवहारात तटस्थ पंच नाही. मद्य वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहे. त्यावरील उत्पादन शुल्क आणि विक्रीकर हे राज्याच्या हाती उरलेल्या मोजक्या स्वतंत्र साधनांपैकी आहेत. १० जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरील शुल्क उत्पादनमूल्याच्या तिपटीवरून साडेचार पट केले आणि या व इतर बदलांतून वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपयांची भर पडेल, अशी अपेक्षा बाळगली. घटनेच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदाने मद्यबंदीचा प्रयत्न करण्यास सांगितलेले सरकार आणि १४,००० कोटींची वाट पाहणारे सरकार एकच आहे. अशा सरकारने घरपोच पुरवठ्याची अनुज्ञप्ती आखावयास घेतली, तर शुल्काचा रकाना प्रथम भरला जाईल आणि दाराचा रकाना कोरा राहील, अशी भीती अनाठायी नाही.

नवे दुकान देण्याचा नुसता विचार जरी निघाला तरी विधिमंडळात गदारोळ होतो, आंदोलने होतात, आणि ते योग्यच आहे. घरपोच पुरवठ्याला परवानगी देणारा आदेश मात्र एखाद्या दुपारी निघू शकतो. त्यात कोणतेही नवे दुकान नसते, कोणतीही पाटी नसते, मोजण्यासाठी अंतर नसते. तो निघण्यापूर्वी त्याचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध व्हावा आणि ज्या गावांनी बाटली आडवी केली त्यांच्या ग्रामसभांकडे तो आवर्जून पाठवावा. त्यांच्या मताची किंमत त्या मसुद्यात किती धरली आहे, हे त्या बायांना वाचता आले पाहिजे.